अर्धा स्वेटर घेऊन कोलंबसच्या लोकरबाजारात

विणकाम करणाऱ्यांचं अधिवेशन असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या मुलीने, मिनूने, फोनवर सांगितलं तेव्हा ती थट्टा करतेय असंच वाटलं. ओहायोमध्ये कोलंबसला तीन दिवस वर्ग, व्याख्यानं आणि मोठ्या हॉलमध्ये लोकरीचा बाजार. बाजारात एका बाईंचा स्टॉल असतो, त्या लोकांची अर्धवट राहिलेली विणकामं पूर्ण करून देतात.

"बाबा, आईचा स्वेटर त्यांना देऊ या. यू ट्राइड."

हो, मी प्रयत्न केला होता. सुलभा, माझी पत्नी, मागच्या वर्षी गेली. आजारपणात तिने मिनूसाठी गर्द निळा स्वेटर विणायला घेतला होता. पाठ आणि पुढचा भाग झाला, बाह्या राहिल्या. हॉस्पिटलात शेजारी बसून बसून मीही तिच्याकडून सुलट आणि उलट टाके शिकलो होतो, त्यामुळे बाह्या मीच करायच्या असं ठरवलं. तिच्या सुया मात्र माझ्याकडे राहिल्या नाहीत. अस्थी घेऊन पुण्याला गेलो तेव्हा वाटेत विणावं म्हणून हँडबॅगेत ठेवल्या होत्या, येताना विमानतळावरच्या तपासणीत त्या काढून घेतल्या. तिच्या वहीत "सुया १० नं." असं लिहिलेलं होतं, म्हणून इथल्या दुकानातून दहा नंबरच्या आणल्या. तीन वेळा बाही विणली, तिन्ही वेळा माशाचं जाळं झालं. दोनदा उसवली. तिसऱ्यांदा उसवायचा धीर झाला नाही. मिनूला मी "बरं, देऊ या" म्हणालो.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी सहाला मिशिगनमधल्या ट्रॉयहून, आमच्या गावाहून, निघालो. मिनू आदल्या दिवशी ॲन आर्बरहून आली होती आणि ड्राइव्ह तीच करणार होती. रस्ता सोपा आहे. आय-७५ ने टोलीडो पार करून फिंडलेपर्यंत जायचं, तिथून डावीकडे वळून २३ नंबरचा रस्ता धरायचा. साडेतीन तास पुरतात, पण शेवटच्या पंचवीस मैलांत सिग्नल बरेच लागतात, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवावा. दोन्ही बाजूंना वाळलेला मका उभा होता, काही शेतांत कापणी चालू होती. रेस्ट एरियात थांबून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. पुऱ्या मी केल्या होत्या आणि बऱ्या झाल्या होत्या. मिनूने सहा खाल्ल्या.

नुसत्या बाजारात हिंडायचं असेल तर वर्गांची फी भरावी लागत नाही, दारावर पाच-सात डॉलरचं तिकीट मिळतं. पार्किंग मात्र महाग आहे. पुरुष वाचकांसाठी एक सूचना. तळमजल्यावरच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहावर कागद चिकटवून ते त्या दिवसापुरतं बायकांना देऊन टाकलेलं असतं. आपल्याला वरच्या मजल्यावर जावं लागतं. तक्रार कोणाकडे करणार? हजारभर बायकांत आम्ही वीसेक पुरुष असू.

हॉलमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा वास येतो, भिजून वाळलेल्या घोंगडीसारखा. मग रंग दिसतात. लोकरीच्या लडी शेवया वाळत घातल्यासारख्या दांड्यांवर लटकत होत्या. एका स्टॉलवर शेळीच्या केसांची लोकर होती, एकावर अल्पाका नावाच्या उंटासारख्या प्राण्याची, आणि तिथे त्या प्राण्याचा नावासकट फोटोही लावलेला होता. इथे सगळे सगळ्याला हात लावतात, माणसांच्या अंगावरच्या स्वेटरलाही. हॉलमध्ये चांगलं ऊबदार होतं, तरी प्रत्येकीने स्वतः विणलेलं काहीतरी घातलेलंच होतं. अनोळखी बायका एकमेकींची बाही धरून ओळी मोजत होत्या. मला एवढी जवळीक सहसा झेपत नाही, पण तिथे बघायला बरं वाटलं.

भिंतीलगत खुर्च्यांची एक रांग होती, तिथे नवरे पेपर वाचत बसले होते. मी बुटाची नाडी बांधायला टेकलो, तर शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "तुमची आत जाऊन किती वेळ झाला?"

"मीच आत होतो," मी म्हणालो. त्यांनी पेपर खाली घेऊन माझ्याकडे नीट बघितलं.

अर्धवट कामं पूर्ण करणाऱ्या बाईंपुढे बरीच मोठी रांग होती. बहुतेकींच्या हातात पिशव्या होत्या. आमच्या पुढे एक काकू उभ्या होत्या, साडी, वर कार्डिगन आणि पायात पांढरे बूट. आमचं मराठी कानावर पडताच त्या वळल्या.

"कुठले हो भाऊ तुम्ही?"

"पुण्याचे. आता ट्रॉयला असतो."

"मी नागपूरची. लेकीकडे आली आहे सहा महिन्यांसाठी. जावयानं सकाळी सोडलं, चारला नेणार. तोवर हेच माझं माहेर." त्यांनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "दाखवा पाहू."

द्यावं की नाही हे ठरायच्या आत मिनूने पाठीचा भाग त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी तो उजेडाकडे धरला, उलटा करून बघितला. "काय हात आहे बाप्पा! एक टाका इकडचा तिकडे नाही. कोणी केलं?"

"माझ्या आईने," मिनू म्हणाली. "शी पास्ड... आई गेली."

काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग बाही उचलली. "आणि हे काय? हे कोणी करून ठेवलं?"

"मी," मी म्हणालो. "माझ्या हातात ते नाही."

"सुया कोणत्या?"

"दहा नंबर. तिने लिहूनच ठेवलंय."

"इथून घेतलेल्या?"

"हो."

काकू एवढ्या मोठ्याने हसल्या की रांगेतल्या चार जणी वळल्या. "अहो, आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते. इथे नंबर वाढला की जाड! इथल्या दहानं दोरखंड विणतात. घेताना जाड नाही वाटल्या?"

"वाटल्या. तिच्या ॲल्युमिनियमच्या होत्या, या बांबूच्या. बांबूच्या जाडच असतील असं वाटलं."

"दुकानात विचारायचं ना! पण पुण्याचे तुम्ही. तुम्ही कशाला कोणाला विचाराल?"

मिनू हसायला लागली. ती मला नेहमी हेच सांगते, इंग्रजीत.

मी गाड्यांच्या सुट्या भागांची मापं तपासतो. सव्वीस वर्षं हेच काम करतोय. ड्रॉइंगवर आकड्यापुढे एकक नसलं तर मी ते परत पाठवतो. आणि इथे नुसता "दहा" वाचून दुकानात गेलो होतो.

आमचा नंबर आला तेव्हा स्टॉलवाल्या बाईंनी भोकं पाडलेली एक पट्टी काढली. माझी सुई सहा मिलिमीटरच्या भोकात बसली. काकू आमच्या बाजूलाच उभ्या होत्या, त्यांनी आपली नागपूरहून आणलेली दहा नंबरची सुई दिली. सव्वातीन. जवळजवळ निम्मी. इथल्या हिशेबाने तो तीन नंबर होतो.

बाईंनी स्वेटरचे भाग नीट घडी करून आपल्या बाजूला ओढले. सहा आठवडे लागतील, म्हणाल्या. फॉर्म पुढे केला. मिनूने पेन माझ्या हातात दिलं.

मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग पेन खाली ठेवलं.

"मिनू, मी आणखी एकदा करून बघतो."

"आर यू शुअर, बाबा?"

"नाही."

स्टॉलवाल्या बाई रागावल्या नाहीत. असं पुष्कळ वेळा होतं, म्हणाल्या, आणि घडी तशीच माझ्याकडे सरकवली. काकूंनी स्वतः मला समोरच्या स्टॉलवर नेलं आणि तीन नंबरच्या स्टीलच्या सुया निवडून दिल्या. दुपारी तिघांनी मिळून भाजलेले बटाटे आणि कॉफी घेतली. शाकाहारी लोकांना तिथे एवढंच मिळतं, पण बटाटा मोठा असतो. काकूंनी टेबलावरच मला पिशवीतल्या उरलेल्या लोकरीने बाहीचे टाके घालायला लावले आणि चार ओळी होईपर्यंत उठू दिलं नाही. चारला जावई आले. जाताना त्या मिनूला म्हणाल्या, "बाबांवर लक्ष ठेव. फार शहाणे आहेत."

रात्री मोटेलात राहिलो. खोली साधी आणि स्वच्छ होती, बावन्न डॉलर आणि कर, सकाळी कॉफी फुकट. रविवारी परतताना गाडी मिनूच चालवत होती, मी शेजारी विणत होतो. टोलीडोपर्यंत दोन इंच झालं. पाठीच्या भागावर ठेवून पाहिलं. टाक्याला टाका जुळत होता. मी मिनूला लगेच सांगितलं नाही. थोड्या वेळाने सांगितलं, तर तिने पुढच्या एक्झिटला गाडी थांबवून स्वतः पाहिलं.

या प्रवासातून आम्ही लोकरीची एक लडसुद्धा विकत आणली नाही. बाजाराला जाऊन असं करणारे बहुधा आम्हीच. कोणी जाणार असाल तर अर्धवट पडलेलं काम बरोबर न्या आणि रांगेत पुढच्यामागच्यांशी बोला. मला ते जमत नाही, तरी सांगतोय.

थँक्सगिव्हिंगला मिनू आली तेव्हा पहिली बाही झाली होती. खांदे जोडून ती लावली आणि स्वेटर मिनूला घालून बघायला दिला. तिने आरशात पाहिलं, मग एक हात तसाच उघडा ठेवून दिवसभर घरात वावरली, भांडीसुद्धा तशीच घासली. रविवारी निघताना तिने त्यावर कोट चढवला.

"अगं, अजून अर्धा आहे तो. ठेव इथे."

"नो, बाबा. बाही वेगळीच करतोस ना? टाके, ओळी, यू हॅव द नंबर्स. तू कर, मी लावायला येते."

दुसऱ्या बाहीच्या चाळीस ओळी झाल्या आहेत. रोज दहाच करतो.