सोळावा सिलिंडर

शेडमध्ये त्यांना सगळे पंधरेकाका म्हणत. आडनाव दुसरंच होतं. पण रेल्वेच्या डिझेल इंजिनाला सिलिंडर सोळा, आणि हा बाबा बावीस वर्षं पंधराच नवे घालत आला. का? तर सोळाच्या सोळा बदलले की कायद्याच्या लेखी इंजिन नवं ठरतं आणि त्याला धुराचे नवे नियम लागतात. एक जुना ठेवला की ती नुसती दुरुस्ती. मग ओका हवा तेवढा धूर! कायदा करणारे शेर, तर काकांचा फोरमन सव्वाशेर.

काकांचं क्वार्टर शेडच्या भिंतीला लागून. दुरुस्त झालेली इंजिनं पलीकडेच तासन्‌तास धडधडत उभी असायची. काकूंना धाप लागे. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. म्हणे जागा बदला! नोकरी आहे तोवर क्वार्टर, आणि छप्पन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी देतंय कोण? दोन वर्षं घराची खिडकी बंद होती. परवा एक इंजिन शेडमध्ये दुरुस्तीला आलं तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या होत्या, की या वेळी तो सोळावाही बदला.

आणि काय सांगावं, सोळावा उघडून पाहिला तर उभा तडकलेला! काकांना आनंद झाला, लाज वाटावी इतका. आता नवा घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नियम आपोआप लागणार होते.

फोरमनने तडा पाहिला, हनुवटी खाजवली.

"भंगारातल्या इंजिनाचा काढून घाल. जुना तो जुनाच."

काकांनी बोलायला तोंड उघडलं. क्वार्टर आठवलं आणि उघडलेलं तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! दुपारभर भंगारात हिंडून त्यांनी त्यातल्या त्यात बरा सिलिंडर शोधला, घासूनपुसून बसवला. काम चोख झालं. त्यांचं काम नेहमीच चोख असे.

संध्याकाळी काकू दारातच उभ्या होत्या.

"सोळावा बदललात?"

बदलला तर होताच. काकांनी मान डोलावली.

काकू तडक खिडकीशी गेल्या. खिडकीची कडी गंजली होती, ती दोन्ही हातांनी ओढून त्यांनी खिडकी सताड उघडली आणि खुर्ची तिथेच घेऊन बसल्या. किती दिवसांनी हसल्या त्या. भिंतीपलीकडे काकांचंच इंजिन सुरू झालं. काका चहाचा कप हातात धरून उभे राहिले. खिडकी लाव, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं त्यांना म्हणता येईना.