डब्यांखालचा निबंध

भाऊ पाठचाच, तरी ताईचं त्याच्याकडे खरं लक्ष गेलं ते तो शाळेत जायला लागल्यावर. गळक्या नळाशी पाणी प्यायला आलेल्या मधमाश्यांपुढे तो पालथा पडला होता. आई हाका मारून दमली, यानं मानसुद्धा वळवली नाही. त्या दिवशी घरात त्याचं नाव भुंगा पडलं, ते केस पिकले तरी तसंच राहिलं.

भुंगा पुढे कॉलेजात शिकवू लागला. मधमाश्यांच्या आजारांवर त्यानं संशोधन केलं. माणूस भारी टापटिपीचा. निबंध छापून आला, की टाइप केलेला मसुदा रद्दीत.

नोकरीभर तो ताईकडेच राहत होता, निवृत्तीनंतरही तिथेच राहिला. एका सकाळी दूरच्या डोंगराळ मुलुखातून मधमाश्या पाळणाऱ्या एका बाईंचा ईमेल आला. त्यांच्या पेट्यांमधल्या अळ्या काळ्या पडून मरत होत्या. भुंग्यानं टाइपरायटरच्या काळात लिहिलेला निबंध नेमका त्याच रोगावर होता. बाईंना तो इंटरनेटवर दिसत होता, पण जबर पैसे भरल्याशिवाय उघडत नव्हता.

"मग तू पाठव की," ताई म्हणाली.

"माझी छापील प्रत कुणीतरी नेली ती नेलीच. आणि प्रकाशक मलाही पैसेच मागतायत."

"घर तुझं, कुलूप त्यांचं! हक्क त्यांना लिहून देताना झोपला होतास का रे?"

"नाव मोठं होतं गं त्यांचं. हुरळून गेलो."

त्यानं प्रकाशकाला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: छापलेली पानं देता येणार नाहीत, मात्र छपाईआधीचा आपला मसुदा कॉलेजच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी खुला ठेवायला हरकत नाही.

भुंगा मटकन खुर्चीत बसला. "मसुदा! तो मीच फेकला, ताई. त्या बाईंना आता काय सांगू?"

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. "इकडे ये. ते डबे खाली काढ."

"आत्ता डबे कशाला?"

"तुझी रद्दी मी कधी दाराबाहेर जाऊ दिलीय? एक बाजू कोरी, कागद जाडजूड. फळ्यांवर घालायला याहून चांगलं काय मिळणार होतं?"

पिठाच्या डब्याखाली पहिलं पान निघालं, साखरेच्या डब्याखाली आकृत्या. उपायांचं पान तेलाच्या बरणीखाली होतं आणि त्यावर बरणीएवढं तेलकट वर्तुळ उमटलं होतं. भुंग्यानं ते खिडकीशी धरून वाचलं. अक्षर न् अक्षर लागलं.

"एवढी वर्षं याच्यावर तेल सांडत होतीस?"

"तू फेकलं होतंस. मी निदान वापरलं."

दोन दिवस खपून त्यानं सगळं पुन्हा टाइप केलं. निबंध खुला झाला आणि बाईंना त्याचा पत्ता गेला. महिनाभरानं त्यांचं उत्तर आलं: रोगट पोळी वेगळी काढली, उरलेल्या पेट्या सावरल्या. शेजारच्या गावांनीही निबंध उतरवून घेतला होता.

हल्ली भुंगा सकाळी आपले जुने निबंध टाइप करत बसतो. ताईच्या फळ्यांवर आता वर्तमानपत्र असतं.