भगव्या पट्टीचे आठ दिवस

नव्वदीच्या सुरुवातीला पनवेलमध्ये मी एका बिल्डरच्या ऑफिसात बांधकामाची वेळापत्रकं आखायचे. म्हणजे टेबलावर भला मोठा कागद अंथरायचा, डावीकडे प्लास्टर, लाद्या, दरवाजे, रंग अशी कामं लिहायची आणि प्रत्येकापुढे ते किती दिवस चालणार त्याची रंगीत पट्टी ओढायची. शेठ मिठागरवाल्या शेतकऱ्याच्या घरातले. आता स्वतःच्याच जमिनीवर इमारती उठवत होते. त्यांना त्या कागदाचं भारी कौतुक. फक्त दोन पट्ट्यांच्या मधे कोरी जागा दिसली की त्यांचं डोकं फिरायचं.

कोरी जागा मी मुद्दाम ठेवायचे. बांधकामात कोणीतरी उशीर करणार हे सूर्य उगवण्याइतकं नक्की असतं. शेठ मात्र लाल पेन्सिल घेऊन ती कापायचे. बांधावर आडव्या झालेल्या गड्याकडे बघावं तसे ते माझ्या मोकळ्या दिवसांकडे बघत.

त्या वर्षी मला आठ मोकळे दिवस हवेच होते. मुंबईतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेले एक काका आणि काकू दर रविवारी त्यांचा फ्लॅट बघायला येत. कंपनीची खोली दिवाळीआधी रिकामी करायची होती आणि दुसरीकडे डोकं टेकायला जागा नव्हती. काकू अर्धवट भिंतींच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून मिक्सर कुठे ठेवायचा ते ठरवत आणि निघताना मला विचारत, वेळेवर मिळेल ना? मी छातीठोकपणे हो म्हणायचे. ती दोघं मला फार आवडायची.

म्हणून मी युक्ती केली. प्लास्टर आणि लाद्यांच्या मधे चक्क भगवी पट्टी ओढली आणि लिहिलं, ‘गावदेवीचा मान’. शेठची पेन्सिल तिथे आली आणि थबकली. त्यांनी चष्मा काढला, कागदाला हात जोडले आणि पुढच्या ओळीवर गेले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

प्लास्टर ठरल्याप्रमाणे रेंगाळलं. मी निर्धास्त होते, देवी माझ्या खिशात होती. भगवी पट्टी सुरू झाली त्या सकाळी मात्र साइटवर चिटपाखरू नव्हतं. वॉचमनसुद्धा गायब. गावातून बँडचा आवाज येत होता.

देवळापुढे मांडव पडला होता. बोकड कापले होते, बायका तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या आणि आमचे झाडून सगळे गवंडी पंगतीत बसले होते. शेठ नवा सदरा घालून वाढत होते. मला बघताच त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला. दोन दिवसांत आटपेल असं मला वाटलं, पण उरणहून सोयरे आले, मग त्यांचा पाहुणचार, मग त्यांची पाठवणी. शेवटी जागरणं उतरवायलाही गड्यांना वेळ लागला. आठच्या आठ दिवस देवीने खाल्ले.

काकूंचा टेम्पो आला तेव्हा फ्लॅटमध्ये ना लादी होती ना दरवाजा. काका सामानावर बसून राहिले. काकू मिक्सरचं खोकं धरून माझ्याकडे बघत होत्या. मी रडायच्या बेतात होते.

शेठनी टेम्पो वळवायला सांगितला. मुलाच्या लग्नासाठी बांधलेला आपल्या बंगल्याचा वरचा मजला त्यांनी दोघांना उघडून दिला.

फ्लॅट तयार झाला, पण आता शेठच्या म्हाताऱ्या आई काकूंना सोडेनात. दोघींची गट्टी जमली होती. आधी दिवाळी होऊ दे म्हणाल्या, मग तुळशीचं लग्न. इकडे मुलाच्या लग्नाची घाई झाली, वरचा मजला रिकामा हवा होता. तेव्हा शेठ माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाय, त्या दोगांच्या घरभरनीची एक पट्टी वढ. भगवी. देवाच्या नावापुडं माज्या आयला काय बोलता येत नाय."

मी पेन्सिल खाली ठेवली. मी विचारलं, "शेठ, माझी थाप तुम्हाला तेव्हाच कळली होती?"

"आमच्या देवीचा मान चैतात आसतो. दिवालीच्या तोंडाव कोन करतो?"

"मग केलात कशाला?"

"मंग काय," शेठ म्हणाले, "आठ दिवस मोकले ठेवू?"