खड्डे न बुजवण्याचं वर्ष

आमच्या गल्लीचा रस्ता दरवर्षी दुरुस्त होतो. सरकार नाही करत, आम्हीच करतो. गणपतीच्या आधीच्या रविवारी सकाळी सातला माझे बाबा खाली उतरतात, डोक्याला पंचा, खांद्यावर फावडं, आणि नाक्यावरच्या पहिल्या बिल्डिंगपासून हाका मारत सुटतात. शेवटची बिल्डिंग आमची, त्यामुळे परत येईपर्यंत त्यांच्यामागे वीस-पंचवीस माणसं गोळा झालेली असतात. कुठल्यातरी पाडलेल्या चाळीचं रॅबिट टेम्पोने आलेलं असतं, विटा, लादीचे तुकडे, काँक्रीटची ढेकळं. ते खड्ड्यात टाकायचं, धुमसाने ठोकायचं, वर खडीची बारीक पावडर, वर पाणी. बायका चहा आणि वडे खाली पाठवतात. दुपारी एकपर्यंत रस्ता असा होतो की संध्याकाळी मंडळाची मूर्ती ट्रॉलीवरून आत येते आणि मुकुटाचा मणीसुद्धा हलत नाही.

हे सगळं दिवाळीपर्यंत टिकतं, मग परत होतंच जैसे थे. पण तोवर गणपती जाऊन आलेला असतो, म्हणजे सॉरी, येऊन गेलेला असतो.

बाबांनी ही पद्धत गावाहून आणलीय. कोकणात त्यांच्या वाडीला जायला दगडी पायवाट आहे, पाखाडी म्हणतात तिला, आणि गणपतीच्या आधी घरटी एक माणूस यायचं, गवत काढायचं, निसटलेले दगड परत बसवायचे. कुणाला बोलवावं लागायचं नाही. बाबा नोकरीला डोंबिवलीत आले, पाखाडी मनात घेऊनच आले. "देव काय रिक्षा करून येतो काय? आपण आणतो. मग वाट पण आपलीच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी लहानपणापासून घमेली वाहिलीत. बाजूच्या गल्लीतले लोक त्यांच्या खड्ड्यांतून होडीसारखे हलत यायचे आणि आम्ही त्यांना आळशी म्हणायचो. मनापासून म्हणायचो.

तर यंदा काय झालं, माझ्या ताईला दिवस गेले. ताई टिटवाळ्याला दिलीय. पहिलं बाळंतपण, म्हणजे ती इकडे येणार हे कुणी बोलून ठरवायची पण गोष्ट नव्हती. आईने जुन्या सुती साड्या धुऊन दुपटी शिवायला घेतलेली. आणि जुलैत ताईच्या सासूबाईंचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला कारण तिच्या हाताला पीठ होतं.

"राग नका मानू हं. पण डॉक्टरांनी सांगितलंय धक्के बसायला नकोत. तुमच्याकडे मी हळदीकुंकवाला आलेले ना, तर माझी कंबर चार दिवस धरलेली. आणि मी काय गरोदर नव्हते."

आई म्हणाली, "नाही, बरोबर आहे तुमचं."

"रस्ता झाला की कळवा, मी स्वतः आणून सोडते. नाहीतर इकडे करू की आपण. इकडे काय कमी आहे?"

आईने फोन ठेवला आणि पीठ इतकं मळलं की पोळ्या नरम झाल्या त्या दिवशी. सगळ्यात राग कसला येतो माहितीय का, समोरचं माणूस बरोबर असलं की. रिक्षावाले पण आमच्या गल्लीत घुसत नाहीत. "आत नाय जाणार, शॉकअप जातात," म्हणून नाक्यावरच उतरवतात. रात्री ताईचा मला मेसेज. मला इकडे नाही राहायचं, एवढंच. ताई कधी असं लिहीत नाही, ती लांबलचक लिहिते.

मी म्हटलं, मी आणते रस्ता करून. घरचे हसले. पण मी ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर टाइपच करते, मला अर्जाची काय भीती? आणि वेळ बरोबर होती. आतल्या रस्त्यांच्या काँक्रीटसाठी सरकारकडून निधी आलाय, वॉर्डावॉर्डात यादी बनतेय, हे सगळ्या ग्रुपवर फिरत होतं. नाक्यावर आभाराचा बॅनर पण लागलेला, रस्त्याच्या आधी बॅनर. मी जेवणाच्या सुट्टीत अर्ज टाइप केला, सगळ्या सोसायट्यांचे सही-शिक्के घेतले, हाफ डे टाकला आणि पालिकेच्या प्रभाग कार्यालयात गेले.

तिथले इंजिनिअर साहेब डब्यातले चणे खात होते. अर्ज वाचला, गल्लीचं नाव बघितलं आणि म्हणाले, "हा रस्ता? हा चांगलाय की."

मी हसले. मला वाटलं जोक आहे.

त्यांनी कपाटातून फाइल काढली. पावसाळा संपत आला की पाहणी होते, प्रत्येक रस्त्याचा फोटो आणि खाली शेरा. आमच्या पानावर लिहिलेलं: रस्ता सुस्थितीत, काम आवश्यक नाही. मागच्या वर्षीही तेच. त्याच्या मागच्या वर्षीही. आणि फोटोत, मी देवाशपथ सांगते, आमचे बाबा. पोट आत घेऊन, फावडं उभं धरून, मागे तुळतुळीत रस्ता. तिन्ही वर्षं.

"हे कोण तुमचे?" साहेबांनी विचारलं.

"वडील."

"अच्छा. मला वाटायचं आमचाच मुकादम आहे. फोटो काढताना आपणहून उभे राहतात."

"सर, पण हा आम्ही भरलेला आहे. रॅबिट टाकून. ह्यात डांबराचा थेंब नाहीये, दिवाळीला परत उखडतो."

"मॅडम, कोणी भरला ते फोटोत दिसत नाही. भरलेला आहे एवढं दिसतं. निधी खराब रस्त्याला मिळतो." मग त्यांनी चण्याचा डबा माझ्याकडे सरकवला, माणूस वाईट नव्हता. "तुमच्या बाजूची गल्ली बघा. तिकडे कधी कोणी फावडं उचललं नाही. झाली ना काँक्रीटची?"

झालेली. गेल्या मे महिन्यात. आम्ही तेव्हा म्हणालेलो, वशिला लावला असेल.

घरी येताना मी नाक्यापासून चालत आले आणि प्रत्येक खड्डा बघत आले. इतकी वर्षं आम्ही दर गणपतीला घाम गाळून आमचंच नाव यादीतून खोडत होतो. आणि पाहणी कधी? तर विसर्जनानंतर, आठवड्याभरात. म्हणजे रस्ता वर्षात सगळ्यात छान दिसतो तेव्हा.

बाबांना सांगितलं तर त्यांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "म्हणजे आमची चूक काय? की आम्ही काम केलं?"

"चूक नाही हो बाबा. पण यंदा नाही भरायचं."

"आणि मूर्ती? ती काय उड्या मारत आणू?"

"बाबा, ताईचं बघा ना."

"तिच्यासाठीच सांगतोय, भरतो मी रस्ता. एका दिवसात भरतो. बोलव तिच्या सासूला."

"आणि दिवाळीत उखडला की? बाळाला डोस द्यायला नेणार कसं? पुढच्या वर्षी परत भरणार? तुम्ही साठीचे झालात. किती वर्षं सरकारचं काम करणार, पगार न घेता?"

हे मी जरा जास्तच बोलले. आई आतून म्हणाली, "अगं, हळू." बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी पण गेले नाही समजूत काढायला, कारण मी बरोबर होते आणि मला तेव्हा ते दाखवायचं होतं.

मंडळाची मीटिंग गच्चीवर झाली. मी उभी राहून फाइलचं सांगितलं आणि एकदम गोंधळ. पहिल्या बिल्डिंगचे काका म्हणाले, "बाप्पाला काय सांगायचं, थांब, निधी आला नाय अजून?" सगळे हसले. दुसऱ्या एक काकू म्हणाल्या, "लोक काय बोलतील? एवढं मोठं मंडळ, साधे खड्डे नाय बुजवले." मी म्हटलं, काकू, लोक दरवर्षी काय बोलतात, किती छान रस्ता, आणि तेच साहेब लिहून नेतात. कोणीतरी मागून, "ही आता इलेक्शनला उभी राहणार." मी म्हटलं राहीन की, तुझं मत धरू ना?

मग बाबा उठले. मला वाटलं, संपलं.

ते म्हणाले, "गावाला पाखाडीसाठी कोणी पैसे घेत नव्हतं आमच्याकडून. इथे आपण घरपट्टी भरतो. मी आजपर्यंत दोन्ही केलं, पट्टी पण भरली, खड्डे पण भरले. यंदा फक्त पट्टी." मग पोरांकडे वळून, "मूर्ती हाताने आणू. बांबू बांधा पाटाला. बारा माणसं खांद्यावर."

आणि आणली. रविवारी फावडी निघाली नाहीत, त्याऐवजी आम्ही पोरींनी चुन्याने प्रत्येक खड्ड्याभोवती गोल काढला आणि आत नंबर टाकला. आगमनाला पुढे चालणारा ओरडायचा, "डावीकडे सात नंबर, सांभाळून," आणि बारा माणसं डावीकडे झुकायची. ढोलवाले पण खड्डे चुकवत वाजवत होते. लहान मुलं नंबर मोजत होती. बाबा मूर्तीच्या पुढे उलटे चालत होते, दोन्ही हात पसरून, जणू पडलीच तर ते झेलणार होते. मूर्तीला काही झालं नाही. बाबांचा एक पाय मात्र अकरा नंबरात गेला आणि त्यांनी रस्त्याला मालवणीत जे काही म्हटलं ते ढोलामुळे देवाला ऐकू गेलं नसावं.

विसर्जनानंतर साहेब आले. मी सुट्टी टाकलेली. त्यांनी गोल बघितले, नंबर बघितले, आणि म्हणाले, "हे कोणाचं डोकं?" बाबा पुढे झाले. "फोटो काढा. यंदा मी मध्ये येत नाही." आणि खरंच बाजूला सरले. शेरा आम्ही उभं राहून तिथेच लिहून घेतला. रस्ता अत्यंत खराब, काम तातडीने आवश्यक. बाबांनी दोनदा वाचला.

यादीत नाव आलं. मी ऑफिसात खुर्चीवरून उठले एवढी खूश. पण साहेबांचा फोन पण आला. "मंजुरीच्या आधी वरून एक पाहणी होईल. कधी ते सांगता येत नाही. तोपर्यंत रस्त्याला हात लावू नका, नाहीतर माझा शेरा खोटा ठरेल."

आणि ताईला सातवा सरत आलेला.

बाबा दोन दिवस नाक्यापर्यंत जाऊन खड्डे बघून आले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मधली एक पट्टी भरू का? रिक्षाच्या चाकापुरती. तिला येऊ दे. पोर तिकडे तोंड बारीक करून बसलीय." गच्चीवर भाषण देणं सोपं होतं, ताईला फोन करणं नाही. पण हे सगळं मीच सुरू केलेलं, म्हणून फोन मीच केला. सगळं सांगितलं. म्हटलं, तू सांगशील तसं. भर म्हणालीस तर उद्या भरतो, यादी गेली खड्ड्यात.

ताई म्हणाली, "नाक्यापर्यंत रस्ता चांगलाय ना?"

"हो, तो मेन रोड आहे."

"मग भरू नका. मला चालायला डॉक्टरांनी कुठे नाही सांगितलंय? उलट चाला म्हणालेत. मी येते चालत."

"आणि तुझ्या सासूबाई?"

"त्या म्हणाल्या धक्के नकोत. चालण्यात कसला धक्का?"

ती आली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. सासूबाई बरोबर, भावोजी बॅगा घेऊन मागे. नाक्यावर गाडी थांबली आणि ताई उतरली. आम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण गल्लीत कधी काही सांगावं लागतं का? प्रत्येक बिल्डिंगच्या गेटवर कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवलेली. "बस गं जरा." "अगं दोन मिनिटं बस, पाणी घे." ताई पहिल्या खुर्चीला मान हलवून पुढे गेली. दुसऱ्या, तिसऱ्या. बाबा पुढून नंबर सांगत होते, चुना पावसाने फिकट झालेला पण त्यांना सगळे पाठ होते. चौथ्या खुर्चीवर सासूबाई स्वतःच बसल्या. "तुम्ही व्हा पुढे," त्या धापा टाकत म्हणाल्या, "ही काय ऐकत नाही. लग्नात सांगायचं होतंत."

"विचारलं कुठे तुम्ही," आई म्हणाली, आणि त्यांना पाणी दिलं.

वरचे पाहणीवाले अजून आलेले नाहीत. खड्डे आहेत तिथेच आहेत. ताई रोज संध्याकाळी गेटपासून नाक्यापर्यंत चालते आणि परत येते, आणि कुठलाही खड्डा जरा कमी दिसायला लागला, कोणी घरचं रॅबिट गुपचूप टाकून गेलं, तर खाली वाकता येत नाही म्हणून वरती हाक मारते. मग मी खाली उतरते आणि काढते.