माल नमुन्याप्रमाणे नाही

"गेम खेळलास का तू?"

भाऊंचा हा प्रश्न यायचा तेव्हा त्यांचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत असायची, मधे साडीचा पदर धरल्यासारखी. आपण नाही म्हटलं की बोटं थांबायची. "न्हाई ना? मंग अर्धीच गोष्ट बघितली तू. अन् तीबी फसलेली."

जुन्या जालन्यातल्या ज्या कापडाच्या दुकानात मी सूटिंग-शर्टिंगच्या काउंटरला उभा असतो, तिथे भाऊ बस्त्याच्या गादीवर बसायचे. लग्नाचा बस्ता फाडायला दोन्हीकडची माणसं जीप भरभरून येतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. नवरीच्या शालूवर सोळा जणींचं एकमत करणं म्हणजे खायचं काम नाही. भाऊ ते पंधरा वर्षं करत होते. स्वतः चव्वेचाळीस वर्षांचे, बिनलग्नाचे, कपाळाला अष्टगंध, आणि नाद कसला, तर जपानी ॲनिमेचा, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांचा.

त्यातही साधं ॲनिमे त्यांना चालत नसे. व्हिज्युअल नॉव्हेल नावाच्या गेमवरून केलेलंच हवं. हा काय प्रकार ते त्यांनी मला इतक्या वेळा समजावलंय की मी झोपेतही सांगीन. पडद्यावर एक मुलगी उभी असते. खाली दोन ओळी मजकूर. बटण दाबलं की पुढच्या दोन ओळी. असं पन्नास-साठ तास वाचत राहायचं. मधेच गेम विचारतो, शाळा सुटल्यावर वाचनालयात जाणार की नदीवर? तुम्ही नदी म्हणालात की गोष्ट नदीवरच्या मुलीची होते. वाचनालयातली हवी असेल तर मागे जाऊन दुसरी वाट धरायची. पाच मुली, पाच वाटा, पाच शेवट. ॲनिमेवाले त्यातली एक वाट उचलतात आणि बारा-तेरा भागांत उरकतात. हे भाऊंचं कायमचं दुखणं होतं.

"मग बाकीच्या चौघींचं काय होतं?" मी एकदा विचारलं.

परतूरची मंडळी नुकतीच उठली होती. चाळीस शालू उघडायला लावून त्यांनी एक घेतला होता. भाऊंनी त्या ढिगाकडे बोट केलं. "गेममधी हे सगळे एकेक करून अंगावर टाकून बघता येतात. ॲनिमेत एक गेला घरी. आता ह्या बाकीच्यांच्या घड्या कोण घालणार, सांग?"

घड्या घालायला दुकानात वेगळी माणसं होती. तरी नाकारलेल्या शालूंच्या घड्या भाऊ स्वतः घालायचे, काठाला काठ जुळवून, बिलकुल घाई न करता. भाऊ शालूंची समजूत काढताहेत, असं आम्ही म्हणायचो.

दुपारी दोन ते तीन गिऱ्हाईक कमी असतं. डबे झाले की भाऊ थर्मासला फोन टेकवून एक भाग लावायचे आणि आम्ही चार-पाच जण मागे बसायचो. खालच्या इंग्रजी ओळी ते मोठ्याने मराठीत सांगायचे, तेही जालन्याच्या मराठीत. त्यामुळे टोकियोची पोरगी "मला बिलकुल टाईम न्हाई, मी क्लासला चालले" असं म्हणायची आणि आम्हाला ते बरोबर वाटायचं. कोणती मुलगी कितव्या भागात खोकणार, यावर आमच्या चहाच्या पैजा लागत. खोकली की ती जाणार हे नक्की. मी नेहमी सातव्यावर लावायचो आणि बहुतेक जिंकायचो.

"हसा," भाऊ म्हणायचे. "गेममधी ती तिसाव्या तासाला खोकती. तवर तिच्या छत्रीचा रंगबी आपल्याला पाठ झालेला असतो. हितं दोन भागात वळख, एका भागात पिरेम, अन् लगेच सलाईन. रडायला टाईम तरी द्यावा का न्हाई माणसाला?"

एकदा मात्र त्यांनी आम्हाला गप्प केलं. म्हणाले, "गेममधी हीरोला तोंडच दावत न्हाईत. डोळ्यांवर केस. कारण तो तूच असतो. तू वाचनालयात गेलास म्हणून ती नदीवर एकटी राह्यली. ती गेली की आठ दिवस वाटतं, आपणच मारली. ॲनिमेत त्याला देखणं तोंड देतात. मंग पाप त्याचं, आपण मोकळे." त्या दुपारी चहा कोणी पाजायचा हेही आम्ही विसरलो.

पण त्यांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. एका ॲनिमेत शेवटच्या दोन मिनिटांत मेलेली मुलगी पांढरा झगा घालून टेकडीवर परत आली. गेममध्ये ती येत नाही. भाऊ दोन दिवस जेवले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या जपानी कंपनीला पत्र लिहिलं. तक्रारीचं पत्र लिहायची त्यांना सवय होती. रंग गेलेल्या साड्यांबद्दल सुरतेला पत्रं तेच पाठवायचे. म्हणून दुकानाच्याच लेटरहेडवर, त्याच नमुन्यात लिहिलं: माल नमुन्याप्रमाणे नाही, शेवट परस्पर बदललेला आहे, खुलासा व्हावा. शेटजींनी ते पोस्टात पडायच्या आधी पाहिलं.

"आपण जपानचा माल कधी मागवला?" शेटजींनी घाबरून विचारलं.

भाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. अर्धा तास लागला. शेटजी म्हणाले, "मेली ती मेली. त्यांनी असं करायला नको होतं." पत्र गेलं. उत्तर आलं नाही, हे सांगायला नको.

आता ताईंबद्दल. दुकानाच्या जिन्याखाली त्यांचं फॉल-पिकोचं मशीन होतं. नवरा जाऊन पाच वर्षं झालेली, माहेर जाफराबादचं, इथे थोरल्या भावाकडे राहून त्या हे काम करायच्या. सगळं दुकान त्यांना ताई म्हणायचं, शेटजीसुद्धा. एकटे भाऊच ताई म्हणत नसत. "अहो, ते हे..." अशी सुरुवात करून ते साडी पुढे करायचे. आम्हाला जे कळायचं ते कळलं. ताईही त्यांना कधी भाऊ म्हणत नाहीत, हे लक्षात यायला मात्र आम्हाला वर्ष लागलं.

एका दुपारी ताईंनी मशीन थांबवून विचारलं, "रोज काय रडता हो तुम्ही हितं बसून?"

"गोष्ट आहे एक," भाऊ म्हणाले.

"मंग मोठ्यानं सांगा. मला तिकडं निम्मंच ऐकू येतं."

दुसऱ्या दिवसापासून थर्मास जिन्याजवळ गेला. भाऊंनी नवीन मालिका लावली, रोज एक भाग. ताई पिको करता करता ऐकायच्या आणि अधूनमधून मान वर करून फोनकडे बघायच्या. नायकाला त्या "येडं" म्हणायच्या. नायिकेबद्दल काही बोलत नसत, पण ती सहाव्या भागात खोकली तेव्हा त्यांची सुई तुटली. त्या मालिकेवर आम्ही पैज लावली नव्हती.

भाऊ ताईंना विचारणार होते. तेरावा भाग संपला की विचारायचं, असं त्यांनी मला घाम पुसत सांगितलं होतं. आणि इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, "भाऊ, मुलगी मेल्यावर लग्नाचं विचारता का? शेवट गोड करा. इंग्रजी तुम्हालाच येतं, त्यांना कुठे कळणार आहे!"

जपानला पत्र लिहिणारा माणूस. मला वाटलं मारायला उठेल. ते नुसतेच बोटं चोळत बसले.

तेरावा भाग लागला. पडद्यावर दवाखान्याची खोली, रिकामी खाट, खिडकी उघडी. भाऊंनी खालची ओळ वाचली, घसा साफ केला आणि म्हणाले, "ती... मामाकडं गेली. हवा बदलायला."

ताईंचा पाय थांबला. "हवा बदलायला?"

"हां. डॉक्टरच बोलले, जल्दी घेऊन जा म्हणून."

"मंग त्यो तिचे बूट छातीला धरून का रडून राह्यलाय?"

भाऊंनी फोन जरा स्वतःकडे वळवला. "ती... बूट विसरून गेल्ती."

आम्ही हसलो. मीच आधी हसलो, याची मला आजही लाज वाटते. कारण ताई हसत नव्हत्या.

"आमच्याकडंबी असंच सांगितल्तं," त्या म्हणाल्या. "शुगर कमी झालीय त्यांची, चला म्हणाले. मोठ्या दवाखान्यात ठेवलंय म्हणाले. सगळ्या जीपला ठाऊक होतं, एकटी मी सोडून. घनसावंगीच्या फाट्यावर मला केळं घेऊन दिलं, पोटात काहीतरी असू द्या म्हणून. अन् मी खाल्लं." त्यांनी मशीनवर कापड टाकलं. "ते तिकडं गेल्ते, अन् मी केळं खात होते."

त्या आठ दिवस दुकानात आल्या नाहीत. साड्यांचे गठ्ठे घरी मागवून घेतले. भाऊंचं म्हणाल तर त्यांनी बदनापूरच्या एका बस्त्यात नवरीला आजेसासूचं लुगडं दाखवलं. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "तुझं काय चुकलं? जीभ तर माझी होती. जपानवाल्यांना नावं ठेवली अन् वेळ आल्यावर मीबी तेच केलं. त्यांनाबी कुणाचं तरी रडणं बघवलं नसंल."

नवव्या दिवशी ताई आल्या. भाऊ उठून जिन्याखाली गेले आणि स्टूल ओढून बसले. "शेवट परत वाचतो," ते म्हणाले. "ॲनिमेतला न्हाई, गेममधला. सगळा. बराबर वाचतो." ताईंनी मान वर न करता मशीन चालू ठेवलं.

ते वाचन तीन दिवस दुपारी चाललं. भाऊंनी एक ओळ गाळली नाही. मुलगी शेवटी शेवटी काय बोलते, नायकाचं बोलायचं काय राहून जातं, सकाळी नर्स बाहेर येऊन काय सांगते. 

"नर्सनं त्याला लगेच सांगितलं?" ताईंनी विचारलं.

"लगेच. दारातच."

"बरं केलं." मग दोरा तोडून म्हणाल्या, "अन् तुम्हाला काय विचारायचं होतं ते विचारा आता. सगळ्या दुकानाला ठाऊक आहे, एकटी मी सोडून."

बस्ता आमच्याच दुकानात फाडला. मी मुलीकडचा झालो आणि भाऊंचा सफारी माझ्या सूटिंगमधून काढला. ताईंनी पहिलाच शालू उचलला, दुसरा उघडूच दिला नाही.

त्यांचा संसार तीन वर्षं झाला. आता दुपारी थर्मास दोन लागायचे, एक चहाला, एक फोन टेकवायला, आणि भाऊंच्या मराठीत ताई चुका काढायच्या.

परवाच्या हिवाळ्यात ताई भाचीच्या बारशाला सकाळच्या एसटीने जाफराबादला गेल्या, आणि त्याच दिवशी बाराच्या सुमाराला भाऊ गादीवर बसल्या बसल्या कलंडले. समोर गिऱ्हाईक होतं, मांडीवर शालू उलगडलेला होता. आम्ही ऑटोत घालून नेलं. डॉक्टरांनी फार वेळ लावला नाही.

दुकानात परत आलो तर सगळे माझ्याभोवती गोळा झाले. शेटजी म्हणाले, "ताईंना आताच काही सांगू नकोस. छातीत जरा दुखतंय, ॲडमिट केलंय म्हण. मी गाडी पाठवतो. इथे आल्यावर बघू." बाकीच्यांनी माना हलवल्या. माणसं वाईट नव्हती. मीही एरवी तेच म्हणालो असतो.

फोन लागला. मागे बारशाची गाणी चालू होती. मी म्हणालो, "ताई, मी बोलतोय. भाऊ गेले. दुकानातच गेले, बाराच्या सुमाराला. आम्ही दवाखान्यात नेलं, पण तोवर संपलं होतं."

गाणी ऐकू येत राहिली. मग त्या दाराबाहेर आल्या असाव्यात, आवाज कमी झाला.

"जेवले होते का?" ताईंनी विचारलं.

थर्मासशेजारी डबा होता. सकाळी त्यांनीच भरून दिलेला, झाकण लागलेलं. शेटजी हाताने मला हो म्हण, हो म्हण असं खुणावत होते.

"न्हाई, ताई," मी म्हणालो. "डबा तसाच आहे."