आम्ही बेघर झालो तो शुक्रवार

आखातातल्या या बेटावर, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर युरोपातल्या एक मॅडम राहायला आल्या. जुनी गावं शोधणं हे त्यांचं काम. लिफ्टमध्ये भेटल्या की सांगायच्या, या बेटावरची गावं एका जागी टिकायची नाहीत. झऱ्याचं पाणी आटलं की गाव चंबूगबाळं उचलून थोडं पुढे सरकायचं आणि मागे राहायची फुटकी खापरं. खापरं कुठे दाट, कुठे विरळ, हे नकाशावर मांडलं की गाव कुठे होतं ते कळतं.

एकदा म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळी माणसं कमी पडतात. येता का? ओळीत, खाली मान घालून चालायचं, एवढंच."

मला वाटलं, हे तर मी लग्नापासून करतेय. हो म्हणून टाकलं.

घरी नवरा म्हणाला, "अगो, सुट्टीच्या दिवशी लोकांची फुटकी भांडी गोळा करायची? घरात काय कमी आहेत?"

"बरं, नका येऊ. पण तिथे कुणीतरी अरबी बोलणारं लागेल म्हणत होत्या."

ते लगेच शर्टाला इस्त्री करायला उठले. आमच्या ह्यांना अरबी येतं, असं त्यांचं मत आहे. खलास, यल्ला, इंशाल्ला, मफी आणि वर आणखी मूठभर शब्द. एवढ्या भांडवलावर त्यांनी इथे गॅसवाल्यापासून ट्रॅफिक पोलिसापर्यंत सगळ्यांना तोंड दिलंय. उरलेलं हातवाऱ्यांनी भरून काढतात.

तर शुक्रवारी आम्ही दोघं आणि आमची लेक, मॅडमच्या गाडीतून सनद नावाच्या गावापलीकडच्या एका पडीक जमिनीवर पोचलो. एका बाजूला खजुराची बाग, दुसऱ्या बाजूला नवे बंगले. मॅडमनी ठिकठिकाणी लाल झेंड्या रोवल्या, आम्हाला ओळीत उभं केलं आणि त्या बागेपलीकडचं टोक मोजायला गेल्या.

आम्ही चालू लागलो. लेक कानात हेडफोन घालून. हे प्रत्येक वस्तूला इतिहासात जमा करत. "हे बघ, कायतरी जुनं!" ते पेप्सीच्या कॅनचं झाकण निघालं. "हे नक्की पुरातन!" ती चपलेची टाच होती.

इतक्यात एक पिकअप येऊन थांबली. त्यातून पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ उतरले. सलाम झाला. त्यांनी जमिनीकडे बोट करून विचारलं, काय शोधताय? शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला.

हे खाकरले. इथे पूर्वी घरं होती, आता नाहीत, असं त्यांना सांगायचं होतं. ते म्हणाले, "अव्वल बैत. अल्हीन बैत मफी."

आधी घर. आता घर नाही.

म्हाताऱ्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "कुल्लू मफी?" काहीच नाही?

"कुल्लू मफी!" हे जोरात म्हणाले. "खलास!"

मग म्हाताऱ्यांनी झेंड्यांकडे बोट केलं. आता ह्यांना फारच चेव चढला. एकेका झेंडीकडे हात करत म्हणाले, "बैत. बैत. बैत. इंशाल्ला!"

म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. एवढे सगळे लोक इथे घरं बांधणार की काय, असं त्यांना वाटलं असणार. पण ते मला नंतर सुचलं. त्या वेळी ते पिकअपमध्ये बसून निघून गेले.

"बघितलंस?" हे म्हणाले. "माणूस हलून गेला. इतिहास सांगावा तर असा."

थोड्या वेळाने पिकअप परत आली. या वेळी म्हाताऱ्यांबरोबर त्यांची म्हातारी बायको होती. मागे दोन गाद्या, फुलाफुलांच्या ब्लँकेटांची चळत, गॅसची शेगडी आणि मटणभाताचं भलंमोठं पातेलं. खाली चटई अंथरली गेली. आम्हाला हाताला धरून बसवलं गेलं.

"अरब लोकांची मेहमाननवाजी!" ह्यांनी मला समजावलं आणि हात मारायला सुरुवात केली. भात असा मऊ, मसाला असा मुरलेला, की आम्ही डब्यातली घावनं काढलीच नाहीत. पण ती आजी माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि तिचे डोळे भरून येत होते.

लेकीने हेडफोन काढले. "मम्मी, व्हाय इज शी क्रायिंग?"

"काय माहीत. तू खा."

"मम्मी, आय थिंक दे थिंक वुई आर पुअर."

मी ब्लँकेटांकडे पाहिलं. शेगडीकडे पाहिलं. "अहो," मी म्हटलं, "तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

पण हे उठून गेले होते. म्हाताऱ्यांनी खिशातून किल्ली काढून ह्यांना आपल्या बागेच्या कडेला नेलं होतं, एका बंद खोलीपाशी. आम्ही धावत गेलो तेव्हा हे आत हात मागे बांधून फिरत होते. म्हातारे एसी चालू करून दाखवत होते, नळ सोडून दाखवत होते आणि हे प्रत्येक गोष्टीला मान डोलवून म्हणत होते, "व्हेरी नाइस. व्हेरी ओल्ड."

मॅडम परतल्या त्या या घोळात. त्यांचं अरबी पुस्तकी, बातम्या वाचल्यासारखं. त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. म्हातारे ऐकत राहिले. मग ह्यांच्याकडे बघून त्यांना जे हसू फुटलं, ते भिंतीला टेकल्याशिवाय आवरेना. आजीने ओढणीत तोंड लपवलं. ह्यांनी मला विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ते बराच वेळ नळ बंद करत राहिले.

हसू ओसरल्यावर म्हातारे मॅडमना म्हणाले, आमचं गाव शोधताय होय? चला. ते त्यांना हाताला धरून बंगल्यांच्या दिशेने घेऊन निघाले. पाणी आटलं तसं त्यांचं घरही दोनदा सरकलं होतं, मूळ गाव इथे होतं म्हणाले. तोच मागून आजी ओरडली, तिथे नव्हतं, बागेजवळ होतं! तिने मॅडमचा दुसरा हात धरला. एक या बाजूला ओढतोय, एक त्या बाजूला, मधे मॅडम टोपी सावरत. शेवटी त्या आजीच्या जागेवर गेल्या आणि तिथे खरंच खापरांचा सडा पडलेला. निळी, हिरवी, चकाकणारी. आजीने कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं.

म्हातारे काय म्हणाले ते मॅडमनी आम्हाला इंग्रजीत सांगितलं. "ते म्हणतायत, ही सगळी हिनेच फोडलेली आहेत."

मॅडमनी नकाशावर दोन्ही जागा मांडल्या. ब्लँकेटं परत घ्यायला मात्र कुणी तयार होईना. दिलेलं परत घेत नाहीत म्हणे. म्हाताऱ्यांना जुम्म्याच्या नमाजाला उशीर होत होता. आम्ही ती मांडीवर घेऊन गाडीत बसलो. वाटेत ह्यांच्या तोंडून एकही अरबी शब्द निघाला नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो तर आजी आधीच ओळीत उभी, हातात छत्री. गप्प चालायचं असतं, हे तिला कुणी पटवू शकलं नाही. सापडलेली खापरंही ती मॅडमच्या पिशवीत टाकीना. माझ्या घरातली आहेत, माझ्याच घरी जाणार, म्हणाली. त्यामुळे मॅडम आता आठवड्यातून एकदा वही आणि मोजपट्टी घेऊन तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात, आणि जेवल्याशिवाय त्यांना एकही खापर बघायला मिळत नाही.