फक्त अर्जंट असेल तरच

दवाखान्याच्या दाराला ती पाटी मीच लावली. खोक्याचा पुठ्ठा, जाड मार्कर आणि माझं अक्षर: ‘फोन फक्त अर्जंट असेल तरच करावा. हुकुमावरून.’ हुकूम कोणाचा, तर माझाच. मी जळगाव जामोद तालुक्यात गुराढोरांचा सरकारी डॉक्टर आहे आणि जेवताना फोन वाजला की माझं डोकं फिरतं. एकाच्या बोकडाला शिंक आलेली असते, दुसऱ्याच्या कुत्र्यानं चप्पल खाल्लेली असते. म्हणून पाटी. उत्साहाच्या भरात तोच नियम घरीही सांगून टाकला. बायको फक्त “बरं” म्हणाली.

फोन कमी झाले नाहीत. फक्त प्रत्येकाची सुरुवात बदलली. “साहेब, अर्जंट हाय. बोकडाले शिंक आली.”

आमच्या धंद्यात खरं अर्जंट थोडंच असतं. वासरू अडलं, साप चावला, पोट फुगलं. बाकी बहुतेक सगळं संध्याकाळपर्यंत थांबतं. पण हे पाटीवर लिहायचं मला सुचलं नाही. शब्द लिहून मोकळा झालो.

त्या दिवशी सकाळीच वरून ई-मेल आला. विषय: ‘मोस्ट अर्जंट’. दवाखान्यात खुर्च्या किती, चांगल्या किती, मोडक्या किती. आमच्याकडे कागदावर नुसतं ‘अर्जंट’ असेल तर तो फाईलला लागतो. ‘मोस्ट अर्जंट’ असेल तर वाचला जातो. मागोमाग साहेबांचा फोन आलाच.

“माहिती बारापर्यंत पाहिजे.”

“हो सर.”

मी खुर्च्या मोजायला बसलो. एका खुर्चीला तीन पाय होते आणि चौथ्याच्या जागी वीट. ही चांगल्यात धरायची की मोडक्यात, यावर मी बराच विचार केला. मधे बायकोचा फोन आला, कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा फोन सायलेंट केला.

तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. गावाच्या टोकाला राहतात, एकट्याच. घरी एक गाय. तिचं दूध स्टँडवरच्या हॉटेलात जातं, त्यावर त्यांचं चालतं. पाटीसमोर उभ्या राहून त्यांनी एकेक अक्षर लावून ती वाचली.

“काही अर्जंट आहे का, मावशी?” मी खिडकीतूनच विचारलं.

“नाही साहेब. तुमचं होऊ द्या.”

त्या बाकावर बसल्या. मी विटेकडे वळलो.

अर्ध्या तासानं पाणी प्यायला बाहेर आलो, तर बाई तिथंच.

“बोला मावशी.”

“गाय फुगली साहेब. डावी कूस अशी टम्म झाली. सकाळपासून उठून नाही राह्यली.”

“मग मघाशी अर्जंट नाही काऊन म्हटलं?”

“अर्जंट मोठ्या लोकायचं असते ना साहेब. कोण्याबी हापिसात जा, अर्जंट म्हणणारे आत जातात. आम्ही बाकावर बसतो.”

मी पाणी तसंच ठेवलं. बॅग उचलली, बाईंना गाडीवर मागं बसवलं आणि निघालो. पेन कानावर तसाच होता.

बाईंच्या शेजारी लग्न झालं होतं. उरलेल्या पोळ्या फेकायच्या कशा, म्हणून कुणीतरी टोपलंभर गाईपुढं ठेवल्या. आमच्याकडे लग्नसराईत एखादी तरी गाय अशी दानपुण्याच्या तावडीत सापडते. पोळ्या पोटात आंबतात, गॅस होतो, फुगलेलं पोट फुफ्फुसांवर दाब देतं आणि जनावर गुदमरतं. गाय मान लांब करून, जीभ बाहेर काढून पडली होती.

यावर ट्रोकार वापरतात. म्हणजे नळीत बसवलेली जाड सुई. डाव्या कुशीत टोचायची, सुई ओढून काढायची, नळीतून गॅस बाहेर. मिनिटाचं काम. मी बॅगेतली डबी उघडली. रिकामी. दवाखान्याचं उकळायचं यंत्र बंद पडलं होतं म्हणून ट्रोकार आदल्या दिवशी घरी उकळायला नेला होता.

इंजेक्शनच्या तीन जाड सुया टोचल्या. गॅस निघायला लागला, पण सायकलच्या पंक्चरसारखा, सावकाश. एक सुई सारखी तुंबायची. बाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. “तूच हायेस बाई,” एवढंच तिला म्हणत होत्या. मी नजर कुशीवरच ठेवली.

साहेबांचा फोन आला.

“माहिती आली नाही.”

“सर, इथं अर्जंट केस आहे.”

“अहो, पण आपलं मोस्ट अर्जंट आहे ना?”

तासाभरानं कूस खाली बसली. गाईनं मोठा श्वास घेतला. खायचा सोडा पाण्यात कालवून पाजला, औषध दिलं. उन्हं कलता कलता ती उठली, आणि तिनं पहिल्यांदा काय केलं तर माझ्या कानावरचा पेन हुंगला. बाईंनी मला चहा केला. दूध मात्र शेजारून आणलं.

दवाखान्यात परत येऊन पाटी काढली. आता तिथं दुसरी आहे: ‘जनावराला काय झालं ते आधी सांगावे.’ बोकडाची शिंक अजूनही कळते, पण वच्छलाबाईंसारखं कुणी बाकावर बसून राहत नाही. खुर्च्यांची माहितीही पाठवली. वीट चांगल्यात धरली.

घरी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. स्वतःला जमेल तेवढ्या शिव्याही घातल्या. तिनं ऐकून घेतलं. मग मला आठवलं.

“तू काऊन फोन करत होतीस गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “तुमची ती सुई-नळी इथं ओट्यावरच राह्यली होती. म्हटलं, अर्जंट थोडीच हाय.”